दारात बांधलेला बैल

शेवटच्या दिवसांपर्यंत माय उजव्या हाताची नखं मुळापासून कापायची. डाव्या हाताची तशीच वाढू द्यायची. तिला जाऊन आता सात महिने झाले. भेटायला आलेल्या बायकांत तिच्याच वयाची एक म्हातारी होती. तिने मला हळूच विचारलं, "नखं कापलेली व्हती का वं?" मी हो म्हटलं. ती डोळ्याला पदर लावून बसून राहिली. बाकीच्या बायकांना त्यातलं काही कळलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट अठ्ठावन्न सालची. राळेगावपासून चार कोसांवर आमचं गाव. माझे बाबा, उकंडा, भगवानराव पाटलांकडे सालदार होते. ज्येष्ठाच्या शेवटी दोन पाऊस पडून गेले होते आणि गोठ्याच्या भिंतीसाठी दगड घेऊन येणारी भगवानरावांची गाडी नाल्याच्या चिखलात रुतली. बाबा मागून चाकाला खांदा लावून होते. बैल भगवानराव स्वतः हाकत होते.

बैल अडला की शेपटी पिळायची, यात आमच्याकडे कोणाला काही वाटत नाही. लहान पोरंही पिळतात. भगवानरावांनी उजव्या बाजूच्या बैलाची, चांद्याची, शेपटी दोन्ही हातांनी धरली, एक पाय गाडीच्या दांडीला लावला आणि पीळ देऊन ओढली. वाळली तुराटी मोडल्यासारखा आवाज आला, असं बाबा सांगत. गाडी निघाली.

तीन दिवसांत चांद्याची शेपटी दोरीसारखी लोंबायला लागली. माशा बसल्या तरी हलेना. शेण आत साचू लागलं. मूत धारेनं येणं बंद झालं, नुसतं थेंब थेंब गळत राही आणि पोटाखालची कातडी ओली राहून सोलपटायला लागली. वैदूने येऊन कमरेवर तापल्या सळईचे दोन डाग दिले. त्याने दोन जखमा वाढल्या, एवढंच.

आठव्या दिवशी भगवानराव ओट्यावर चार माणसं घेऊन बसले होते. त्यांनी बाबांना बोलावलं.

"उकंड्या, हा बैल घेऊन जाय. तुले देल्ला."

"मले, मालक?"

"तुलेच. हे चार मान्सं ऐकून राह्यले. आजपासून बैल तुहा. जिता तुहा, मेला तुहा."

ओट्यावरचा एक जण हसला. बाबांना ते हसू दिसलं नाही. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या नावाचा बैल कधी नव्हता. दोर हातात धरून ते वस्तीत आले तेव्हा त्यांची मान ताठ होती, हे मला आठवतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

माय चुलीपाशी होती. तिने आधी बैलाकडे पाहिलं, मग शेपटीकडे, मग बाबांकडे.

"कोनं देल्ला?"

"मालकानं."

"फुकट?"

"फुकट. चार मान्सांसमोर."

"आन् मेल्यावर कोनाचा म्हने?"

बाबांनी शेपटीकडे पाहिलं. दोर त्यांच्या हातातच राहिला.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. त्याआधी गावात कोणाचंही ढोर मेलं की वस्तीत निरोप यायचा, आणि आमच्या माणसांनी जाऊन ते ओढत गावाबाहेर न्यायचं, सोलायचं. आल्यावर वस्तीने ते काम सोडलं. गावाने आधी मजुरी बंद केली, नदीवर जायची वाट अडवली. वस्ती हलली नाही. शेवटी ज्याचं ढोर त्यालाच ओढावं लागलं. भगवानरावांनी तोंडाला फडकं बांधून दोनदा ओढलं होतं. आता त्यांचा मरायला टेकलेला बैल वस्तीच्या मधोमध आमच्या दारात उभा होता. तो मेला की दोन दिवसांत वास सुटणार, आणि मग आम्हीच त्याला ओढणार. एकदा ओढला की पुन्हा निरोप धाडायला गावाला तेवढंच पुरे होतं.

संध्याकाळच्या आत देवरावकाका आले. वस्तीला नागपूरला नेणारे तेच.

"उकंडा, बैल वापस करून ये."

"कसा करू, काका? मी त्यायचा सालदार."

"मंग तिकडं रानात सोडून दे. दारात मरू देऊ नको. दोन वर्षं आपन उपाशी राह्यलो ते ह्याच्यासाठी नाही."

माय तोवर बैलाच्या मागे उभी होती. तिने त्याच्या मांडीवरून हात फिरवला आणि ओला झालेला तळवा पाहिला.

"मरू कोन देऊन राह्यलं?" ती म्हणाली.

"तू काय डाक्टर हायेस का वं?" देवरावकाका म्हणाले.

"डाक्टर राळेगावले हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो, माय, मी आणि चांद्या. बाबा कामावर गेले. पाय शाबूत असल्यामुळे चांद्या चालत होता, मात्र दर फर्लांगाला थांबून कण्हायचा. दवाखान्यात ढोरांचे डॉक्टर होते नीळकंठराव, शहरातले, चष्म्याचे. त्यांनी चांद्याच्या शेपटीत सुई टोचली. चांद्या रवंथ करत राहिला. मग त्यांनी बाही खांद्यापर्यंत दुमडली, हाताला तेल लावलं, मागून हात घालून आधी साचलेलं शेण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत नेऊन खाली दाबलं. धार सुटली. इतका वेळ चालली की मला वाटलं बैल रिकामा होऊन आडवा पडेल. चांद्याने एक लांब श्वास सोडला.

"कण्याच्या शेवटाला नसा असतात, त्या ओढल्या गेल्यात," डॉक्टर हात धूत म्हणाले. "मुताची पिशवी भरली हे तिच्या स्नायूला कळतच नाही. म्हणून तो आवळत नाही. पिशवी भरत जाते, ताणत जाते, आणि जे मावत नाही तेवढंच गळतं. तुम्हाला वाटतं बैल मुततोय. आत सगळं तुंबलेलं असतं."

"जास्त भरलेली मोट लोंबते तसं," माय म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "अगदी तसं. लोंबलेलं चामडं पुन्हा मुळासारखं होत नाही. तीन-चार महिन्यांत नस जागी झाली तर ठीक. नाही झाली तर पुढे ती पिशवी निबर होते, आखडते. मग पू, खडे, आणि शेवटी मूत्रपिंडं जातात."

"रोज रिकामी केली तर?"

"दिवसातून तीनदा करावी लागेल. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कोण करणार?"

"मी."

"बाई, आत हात घालून पिशवी ओळखावी लागते. जोर जास्त झाला तर फुटेल."

"मले मालूम हाये आत कुठं काय असते ते." पदर खोचत ती म्हणाली, "मेलेल्यात पाह्यलं. जित्यात दाखवा."

 डॉक्टरांनी खिशातून छोटी कात्री काढून तिच्या हातात दिली आणि उजव्या हाताची नखं कापायला सांगितली. मायचा हात आत गेला तेव्हा तिचा गाल चांद्याच्या पुठ्ठ्याला टेकला होता आणि डोळे मिटलेले होते. "गरम हाये," ती म्हणाली. एवढंच.

तेव्हापासून आमच्या घराचा दिवस चांद्याच्या पिशवीवर चालायला लागला. झुंजुमुंजू झालं की माय तीळतेलाची वाटी घेऊन गोठ्यात, म्हणजे आमच्या दाराशेजारच्या चार बल्ल्यांच्या मांडवात. मी शेपटी बाजूला धरायची आणि पोटाखाली डालड्याचा डबा. शेण आधी, मग मूत. दाबायचं आणि सोडायचं, पुन्हा दाबायचं, घाई करायची नाही. मग पोटाखालची कातडी कोमट पाण्याने धुऊन तेल लावायचं. त्यानंतर माय निंदायला जायची. दुपारी बाकीच्या बायका बांधावर भाकरी खायच्या तेव्हा ती अर्धा कोस चालत घरी यायची, चांद्याला मोकळं करायची, आणि भाकरी वाटेत चालता चालता खायची.

पहिल्या महिन्यात तिच्या हातून एक चूक झाली. तिने चांद्याचं पाणी तोडलं. कमी पिईल तर कमी भरेल, असा तिचा हिशेब. चार दिवसांत मूत घट्ट, काळपट झालं, डब्याच्या तळाला रेतीसारखं काही बसायला लागलं, आणि पाचव्या दिवशी रक्त आलं. ती पुन्हा चार कोस चालून गेली. डॉक्टर रागावले. "पाणी तोडू नका. उलट दुप्पट पाजा. आत धुऊन निघालं पाहिजे." परत येऊन माय चांद्यापुढे घमेलं ठेवून बसली. तो पीत होता आणि ती पाहत होती. त्या दिवसापासून नदीवरच्या तिच्या चार खेपा वाढल्या.

निंदणाच्या ओळीत बायका तिच्या उजव्या बाजूला बसेनात. "हाताले वास येते हो तुह्या," एकजण म्हणाली.

"डाव्या बाजूनं बस," माय म्हणाली.

वस्तीतही बोलणं होतंच. आपण ढोराचं काम सोडलं आणि ही कौसल्या पुन्हा ढोरात कोपरापर्यंत हात घालते. देवरावकाकांनी एकदा तिला सगळ्यांसमोर विचारलं, "आपन हे कायले सोडलं व्हतं, सांग."

"मेलेलं सोडलं काका. जितं कुठं सोडलं?"

"लोक फरक करत नाहीत."

"मी करतो ना," माय म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून गेली.

भगवानराव दर बाजाराच्या दिवशी वस्तीवरून जायचे. छकडा थांबवून विचारायचे, "काहून वं, मेला का?"

"पानी पिऊन राह्यला," माय सांगायची.

चार महिने गेले. नस जागी झाली नाही. शेपटी तशीच लोंबत राहिली. पण जखमा भरल्या, कातडी सुधारली, चांद्याच्या खांद्यावर मांस आलं. मायचा हात इतका सरावला की आत गेल्याबरोबर सांगायची, आज लय ताणली, आज ढिली हाये. पुढे नोकरीच्या गावी मी एका जाडजूड पुस्तकात वाचलं की नसांचा संबंध तुटलेला स्नायू आधी पातळ आणि सैल होतो, आणि मग हळूहळू त्याच्यात तंतू भरून तो ताठरतो. चार पानं होती त्याच्यावर. माय ते बोटांनी सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात देवरावकाकांच्या एकुलत्या बैलाशी चांद्याची जोडी लावली आणि वस्तीतल्या, आमच्यासकट, सहा घरांच्या जमिनी वखरल्या. आधी बोलणारे देवरावकाका स्वतः वखरामागे चालत होते. वस्तीच्या स्वतःच्या बैलांनी वस्तीची जमीन वखरायची ती पहिलीच वेळ होती. भगवानरावांनी ते बांधावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले. सोबत दोन माणसं.

"उकंड्या, बैल सोड. पेरनी तोंडावर आली. माहा बैल हाये."

"मालक, तुमीच तर देल्ला," बाबा म्हणाले.

"सांभाळाले देल्लता. बीमार ढोर कोनी कोनाले देत असते का दान?"

वस्ती गोळा झाली. देवरावकाका पुढे सरसावले. चार माणसांसमोर दिलेला बैल, साक्षीदार आहेत, तहसीलीत जाऊ, असं बोलणं सुरू झालं. माय तेलाचा हात लुगड्याला पुसत बाहेर आली.

"नेऊ द्या," ती म्हणाली.

"कौसल्या!"

"नेऊ द्या काका." मग भगवानरावांकडे वळून, "घेऊन जा मालक. तीन टाइम हात घाला. नखं कापून. घाई करू नका, फुटन."

भगवानरावांसोबतच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. भगवानराव चांद्याला घेऊन गेले. मी रडले. मायने मला गप्प केलं नाही. दुपारी सवयीने ती कामावरून घरी आली, रिकाम्या मांडवापाशी उभी राहिली आणि परत गेली.

पहिल्या दिवशी भगवानरावांच्या गोठ्यात कोणी हात घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना सांगितलं. "मले नाही येत मालक," बाबा म्हणाले, "तिलेच येते." आणि ते खरंच होतं. मग भगवानरावांनी निरोप पाठवला की कौसल्याने वाड्यावर यावं. माय निरोप घेऊन आलेल्या माणसाला म्हणाली, "सांगा, मी कोनाच्या गोठ्यात ढोराच्या कामाले जात नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी चांद्या वस्तीच्या वाटेने येताना दिसला. पोट तट्ट फुगलेलं, मान खाली, दर चार पावलांना थांबणारा. दोर भगवानरावांच्या हातात होता. त्यांचा दुसरा कोणी गडी तो हातात घ्यायला तयार नव्हता, हे आम्हाला मागून कळलं. बैल वाटेत मेला असता तर ज्याच्या हातात दोर त्याच्यावरच ओढायचं आलं असतं.

मायने तेल लावलं. मी नेहमीप्रमाणे पुढे झाले.

"तू थांब," ती म्हणाली. "मालक, शेपटी धरा."

भगवानराव हलले नाहीत.

"वेळ नाही मालक. फुटली तर तुमच्या हातात दोर हाये."

सगळी वस्ती उभी होती. भगवानरावांनी दोर मांडवाच्या बल्लीला गुंडाळला आणि दोन बोटांनी शेपटीचं टोक धरलं.

"पुऱ्या हातानं. बाजूले."

त्यांनी धरली. मायचा हात आत गेला. मेलेली शेपटी हातात घेऊन भगवानराव भिंतीकडे पाहत उभे राहिले. डबा भरला, मी दुसरा लावला, तोही भरला. त्यांच्या पायांवर, धोतरावर शेण उडालं. माय सावकाश काम करत होती, रोज करायची तशीच, जास्त सावकाश नाही आणि घाईही नाही. संपल्यावर तिने हात काढला आणि विचारलं, "बैल कोनाचा?"

"तुहा," भगवानराव म्हणाले.

"जिता?"

"जिता."

"आन् मेला?"

भगवानरावांनी धोतरावरचं शेण झटकलं. "मेलाबी तुहाच. तुह्या मनाले येईल ते कर."

"बसा, पानी देतो," बाबा म्हणाले. भगवानराव पाणी न पिता गेले. पुढच्या पाडव्याला त्यांनी बाबांना साल दिलं नाही. बाबा आणि देवरावकाकांनी जोडी लावून लोकांची शेतं वखरायला घेतली.

चांद्या त्यानंतर अडीच वर्षं जगला. शेवटचे सहा महिने मायला आतून बदल जाणवत होता. पिशवी लहान झाली, ती म्हणायची, टणक झाली, दाबली तर दबत नाही. मूत थोडं थोडं आणि सतत. मग त्यात पू आला. बासष्ट सालच्या माघात त्याने वैरण सोडली. डॉक्टर सायकलवरून आले, पण ते पोचले तेव्हा चांद्या बाभळीखाली आमच्याच शेतात बांधाच्या कडेला आडवा पडलेला होता, आणि माय त्याच्या तोंडाशी बसली होती.

डॉक्टरांनी टोपी काढली. मग म्हणाले, "बाई, एवढी वर्षं असा बैल जगलेला मी पाहिला नाही. आतून काय झालं ते पाहायला मिळालं असतं तर पुढच्या एखाद्याला उपयोग झाला असता. पण मी तुम्हाला कसं सांगू?"

तोवर बांधावर गावातली माणसं जमा झाली होती. भगवानरावही होते. उकंड्याची बायको बैल ओढते का, हे पाहायला सगळे आले होते. बाबा आणि देवरावकाका खड्डा खणत होते, चांद्याच्या अगदी अंगाशी, म्हणजे ओढायचं काम नाही, नुसता लोटायचा.

माय उठली आणि घरातून सुरी घेऊन आली. पाच वर्षं ती सुरी आढ्यात खोचलेली होती.

देवरावकाकांनी फावडं टाकलं. "कौसल्या, ठेव ते. गाव पाहून राह्यलं."

"पाहू द्या. मले कोनी सांगितलं नाही. मी माह्या मनानं करून राह्यलो."

तिने पोट उघडलं ते कातडी सोलायला उघडतात तसं नाही. एकच सरळ चीर, लहान. हात आत घातला, नेहमीचा उजवा हात, आणि डोळे मिटले. मग जे तिला साडेतीन वर्षं नुसतं बोटांना कळत होतं ते तिने बाहेर काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. धडधाकट बैलाची पिशवी पातळ असते. ही पायताणाच्या तळासारखी जाड होती, एका लोट्याएवढी आखडलेली, आतून लाल आणि खरबरीत. डॉक्टर वहीत लिहीत होते. माय एक एक गोष्ट सांगत होती, ही गाठ कधी लागायला लागली, ही बाजू आधी टणक झाली, ही मागून. डॉक्टर मध्ये मध्ये "थांबा, पुन्हा सांगा" म्हणत होते. शाळेत मास्तरांसमोर बोलताना मी जशी उभी राहायची तशी ती उभी नव्हती.

मग तिने सुताने चीर शिवली. कातडीसकट, शिंगांसकट चांद्या खड्ड्यात लोटला गेला. बाबांनी पहिली माती टाकली.

भगवानराव बांधावरून दोन पावलं खाली आले. "पाहा," ते मोठ्याने म्हणाले, "शेवटी सुरी घेतलीच का नाही? मंग गावाचंच काय वाईट व्हतं? आमचंबी ढोर मेलं तं निरोप धाडतो."

माय हात धूत होती. तिने पाणी झटकलं.

"धाडा. कशानं मेलं ते सांगाले येईन. ओढायचं तुमीच."

भगवानराव बांध चढून निघून गेले. त्यांच्या गोठ्यात तेव्हा अकरा ढोरं होती.